जुनी स्ट्रॅट, नवी स्ट्रॅट: कोणती मापं पुढे बदलता येत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा: हातात २००६ ची मेक्सिकोत बनलेली फेंडर स्टँडर्ड स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार आहे. आता वरची घ्यायची आहे. समोर तीन पर्याय आहेत: १९७० च्या दशकातली एखादी खरी जुनी, १९६१ च्या घडणीची नव्यानं बनवलेली अमेरिकन व्हिंटेज टू, किंवा अमेरिकन प्रोफेशनल टू. वाजवणं बहुतेक क्लीन आणि ब्लूज, बेंड (तार आडवी ओढून स्वर चढवणं) भरपूर, ट्रेमोलो (ब्रिजचा दांडा हलवून स्वर वरखाली करणं) हलका. गिटार मुंबईत राहणार. नेमका फरक कुठे पडतो?

फरकांची यादी काढायला बसलो तर ती संपणार नाही. त्यामुळे एकच चाळणी लावा: यातलं काय नंतर बदलता येतं आणि काय येत नाही? पिकअप (तारांचं कंपन पकडणारे), पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे), कपॅसिटर, स्विच, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), खुंट्या हे सगळं एका दुपारच्या कामात बदलतं. फ्रेटबोर्डची गोलाई, नेकची जाडी, ट्रस रॉडचं (नेकमधल्या पोलादी सळईचं) तोंड, ब्रिजची (बॉडीवर तारा धरणाऱ्या भागाची) भोकं आणि बॉडीवरचं फिनिश मात्र बदलत नाही, किंवा बदलायला गेलं तर गिटारचं मोल जातं. पैसे या दुसऱ्या गटासाठी मोजायचे. लोक नेमकं उलटं करतात. ‘पिकअप कुठले’ हे आधी विचारतात आणि नेक शेवटी हातात घेतात.

गोलाईपासून सुरू करू, कारण बेंड करणाऱ्याला सगळ्यात जास्त तीच नडते. १९५४ पासून पुढची सुमारे तीन दशकं स्ट्रॅटच्या फ्रेटबोर्डची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे साधारण १८४ मिमी. अमेरिकन स्टँडर्ड १९८६-८७ मध्ये आली तेव्हा ती ९.५ इंच (२४१ मिमी) झाली, आणि आजच्या प्रोफेशनल टूवरही तीच आहे. आकडा लहान तितका बोर्ड जास्त उतरता. ७.२५ वर पहिल्या तीन-चार फ्रेटवर बार कॉर्ड धरणं सुखाचं, कारण बोट नैसर्गिकरीत्या वाकलेलंच असतं. पण बाराव्या फ्रेटच्या पुढे पहिली किंवा दुसरी तार पूर्ण स्वरानं ओढली की ती बोर्डच्या उंच मध्याकडे सरकते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि स्वर घुसमटून मरतो. हा दोष गिटारचा नाही, भूमितीचा आहे. उपाय दोन. एक, ॲक्शन, म्हणजे तारांची बोर्डपासूनची उंची, वाढवा. फेंडरच्या स्वतःच्या सेटअपच्या मापांतही ७.२५ साठी सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिमी आणि बारीक तारेखाली १.६ मिमी सांगितलं आहे, ९.५ साठी दोन्हीकडे १.६. दुसरा उपाय म्हणजे फ्रेट लेव्हल करताना बाराव्याच्या पुढचे फ्रेट मध्यभागी जरा चपटे करून घेणं. नवे उंच फ्रेट असतील तर हे करता येतं. झिजलेल्या जुन्या फ्रेटांत घासायला धातूच उरलेला नसतो.

बोर्ड रंधून गोलाई बदलता येते असं कुणी सांगेल. मेपलच्या एकसंध नेकवर किंवा जाड शिसवी पाटीवर तांत्रिकदृष्ट्या येते. पण १९६२ च्या मध्यानंतर फेंडरनं शिसवाची जाड सपाट पाटी सोडून नेकच्या गोलाईवर पातळ थर चिकटवायला सुरुवात केली. त्या थरावर रंधा चालवला तर ठिपक्यांसकट बोर्डच जातो. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे शिसव ब्राझीलचं होतं, नंतर भारतीय आलं. भारतीय म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, आपल्या सह्याद्रीतही वाढणारं. ब्राझिलियन शिसव १९९२ पासून साईटिस (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तसा बोर्ड असलेली गिटार सीमेपलीकडे नेता-आणताना कागदपत्रं लागतात. २०१७ च्या जानेवारीत उरलेली बहुतेक शिसवंही दुसऱ्या परिशिष्टात गेली. २०१८ च्या मेक्सिकन प्लेअर मालिकेवर शिसवाऐवजी पाऊ फेरो दिसतं ते त्याच सुमाराला. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरात सूट मिळाली आणि २०२४ च्या प्लेअर टूवर शिसव परत आलं. कानाला हा फरक ओळखता येतो असं मी मानत नाही. बोटाला मात्र जाणवतो.

आता ट्रस रॉड. मुंबईसाठी हा मुद्दा गोलाईइतकाच मोठा आहे. जुन्या घडणीत रॉडचं तोंड नेकच्या टाचेत, पिकगार्डला लागून असतं. तो एकाच दिशेनं काम करतो: घट्ट केला की तारांच्या ताणाविरुद्ध नेक मागे ओढतो. सैल केल्यावर नेकला पुढे यायचं की नाही हे लाकूड आणि तारा ठरवतात. नव्या अमेरिकन गिटारींवर तोंड हेडस्टॉककडे असतं, १/८ इंची ॲलन कीनं फिरतं आणि रॉड दोन्ही दिशांना ढकलतो. तुमच्या मेक्सिकन स्टँडर्डलाही तोंड हेडस्टॉककडेच आहे, फक्त किल्ली ३/१६ इंची लागते.

जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर हवेत जे पाणी असतं त्यात नेक हलतोच, आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा हलतो. कुठल्या दिशेला, हे फिनिश, बोर्ड आणि लाकडाच्या रेषांवर ठरतं. म्हणून अंदाज करू नका, मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघा. ७.२५ च्या नेकला ०.३० मिमी, ९.५ च्या नेकला ०.२५ मिमी हे सुरुवातीचं माप. नव्या गिटारवर ही दुरुस्ती दोन मिनिटांची. जुन्या घडणीवर तारा सैल करा, टाचेकडचे दोन स्क्रू मोकळे करून नेक कलता करा किंवा चारही काढून वेगळा करा, क्रॉस खाचेत बरोबर बसणारा मोठा स्क्रूड्रायव्हर घालून एक अष्टमांश फेरा द्या, पुन्हा जोडा, ट्यून करा, मोजा. चुकलं तर परत पहिल्यापासून. घाईत लहान स्क्रूड्रायव्हर वापरला की खाच भरडली जाते, आणि मग तो नेक कारागिराकडेच जातो. वर्षातून दोनदा हे करायची तयारी असेल तरच १९६१ ची घडण घ्या. पुण्यात-नागपुरात त्रास वेगळा: उन्हाळ्यात बोर्ड रुंदीला आकसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचतात. ती बारीक कानशीनं घासून घेतली की काम झालं.

रुंदीचं गणित फारसं कुणी सांगत नाही. जुन्या घडणीत नट १.६५० इंच (४२ मिमी) आणि ब्रिजवर पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर सुमारे ५६ मिमी. म्हणजे वर जाताना बाहेरच्या तारा बोर्डच्या कडेशी जातात. नेक बॉडीच्या खाचेत जराही तिरका बसला असेल तर बाराव्या फ्रेटपुढे व्हायब्रेटो देताना पहिली तार फ्रेटवरून घसरून खाली पडते. नव्या अमेरिकन गिटारींत नट १.६८५ इंच (४२.८ मिमी) आणि ब्रिजवर अंतर ५२.५ मिमी, त्यामुळे दोन्ही कडांना जागा उरते. पाहायला हा अगदी किरकोळ फरक आहे. पण जोरात ओढणाऱ्या हाताला ‘नवी गिटार माफ करते’ असं वाटतं, त्याचं मोठं कारण हेच.

इथे सत्तरच्या गिटारींकडे वळतो. कोलंबिया ब्रॉडकास्टिंगनं, म्हणजे सीबीएसनं, १९६५ च्या जानेवारीत १.३ कोटी डॉलरला फेंडर विकत घेतली, आणि ‘सीबीएसच्या आधीची चांगली, नंतरची वाईट’ हे तेव्हापासून म्हटलं जातं. ही रेघ इतकी सरळ नाही. काही बदल विक्रीच्या आधीच झाले होते. पिकअपची तार १९६४ च्या सुमारास जाड फॉर्मवार आवरणावरून प्लेन इनॅमलवर आली. मोठा हेडस्टॉक १९६५ च्या अखेरीस आला. खऱ्या तक्रारीचा बदल १९७१ चा: चार स्क्रूंऐवजी तीन बोल्टची नेक प्लेट, नेकचा कोन बदलणारी मायक्रो-टिल्ट, हेडस्टॉकवर गोळीच्या आकाराचं ट्रस रॉडचं तोंड, आणि ब्रिजचा ठोकळा व सॅडल (तारांखालचे आधार) पोलादाऐवजी ओतीव धातूचे.

तीन बोल्ट हा काही गुन्हा नव्हता. मायक्रो-टिल्टची कल्पना तर उत्तमच, त्यानं शिम (नेकखालची पातळ पट्टी) घालायची गरज राहत नाही. दोष आहे तो त्या काळात खाच नेकपेक्षा ढगळ कापली गेली यात. खाच ढगळ आणि धरायला तीनच बोल्ट, म्हणून नेक आडवा सरकतो. दुकानात तपासायची पद्धत सोपी आहे: गिटार मांडीवर आडवी घ्या, एका हातानं बॉडी धरा, दुसऱ्यानं हेडस्टॉक हलकेच आडवा ढकला आणि बाहेरच्या दोन तारांचं कडेपासूनचं अंतर पाहा. ते बदललं तर खाच सैल. तारा लावलेल्याच ठेवून बोल्ट पाव फेरा सैल करायचे, नेक जागेवर ढकलायचा, पुन्हा घट्ट करायचे; बऱ्याच गिटारी यावर वर्षभर थांबतात. पण खाचेत कागदाच्या घड्या, सनमायकाचे तुकडे किंवा जास्तीची भोकं दिसली तर ती गिटार आधीच अनेक हातांतून गेली आहे.

वजनही बघा. पन्नास-साठच्या दशकातल्या ॲल्डर लाकडाच्या गिटारी साधारण सव्वातीन ते साडेतीन किलो भरतात, तर सत्तरच्या उत्तरार्धातल्या ॲशच्या कित्येक चार किलोंच्या वर जातात. दोन तासांच्या कार्यक्रमात खांद्याला हे कळतं. सत्तरचं पॉलिएस्टर फिनिश जाड असतं, त्याला काचेसारखे तडे जातात आणि कपच्या उडतात. मात्र घाम, सागरी हवा आणि फोमचा स्टँड या तिघांनाही ते दाद देत नाही. नायट्रोसेल्युलोजचं उलटं आहे. अमेरिकन व्हिंटेज टूवर तेच आहे: पातळ, सुंदर, पिवळं पडत जाणारं, पण रबर आणि व्हिनाइलशी त्याची रासायनिक प्रतिक्रिया होते. स्वस्त स्टँडचं रबर एका पावसाळ्यात त्यावर चिकट डाग पाडतं. स्टँडच्या टेकूंना सुती कापड गुंडाळा, आणि प्लास्टिकचा पट्टा बॉडीला लावून कव्हरमध्ये ठेवू नका. ‘नायट्रोमुळे लाकूड श्वास घेतं’ या बोलण्यावर पैसे खर्च करू नका.

खरी जुनी घ्यायची ठरवलीच तर तारीख भागांवरून ठरवा. १९७६ पर्यंत अनुक्रमांक नेक प्लेटवर असायचा, आणि प्लेटा पेटीतून हाताला येईल तशा लावल्या जायच्या. त्यामुळे एकट्या आकड्यावरून वर्ष पक्कं होत नाही. १९७६ पासून तो हेडस्टॉकवर आला. पॉटच्या पाठीवरचा छापील आकडा जास्त बोलका. पहिले तीन अंक बनवणाऱ्या कंपनीचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल), मग वर्ष, शेवटचे दोन अंक आठवड्याचे. १३७६६१५ म्हणजे सीटीएस, १९६६ चा पंधरावा आठवडा. पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याच्या आधीची असूच शकत नाही. नंतरची असू शकते. नेकच्या टाचेवरचा शिक्का याच्याशी जुळतो का पाहा. सोल्डरचे जोड किती स्वच्छ आहेत तेही पाहा. चमकदार ताजं सोल्डर म्हणजे काहीतरी बदललं गेलं आहे. फ्रेटची उंची कॅलिपरनं मोजा, ०.५ मिमीच्या आसपास आली असेल तर रीफ्रेटचा (फ्रेट नव्यानं बसवण्याचा) खर्च किमतीत धरूनच बोला. आणि ट्रस रॉड कारागिराकडून फिरवून घेतल्याशिवाय व्यवहार नको. टोकाला पोचलेला रॉड असलेला जुना नेक शोभेचाच.

बदलता येणाऱ्या गोष्टींत पिकअपबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या-नव्याचा कानाला जाणवणारा फरक बराचसा तिथेच आहे. जुन्या घडणीत अल्निको चुंबकाच्या सहा कांड्या वरखाली उंचीच्या असतात, तिसऱ्या तारेखालची सगळ्यात उंचांत. त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली होती आणि कमी जोरात वाजायची, म्हणून. आज आपण साधी तिसरी तार लावतो, आणि कांडी मात्र तेवढीच उंच राहते. मग ती तार ओरडते आणि दुसरी तार दबते. कांडी अंगठ्यानं खाली दाबायचा मोह होईल, पण करू नका. पिकअपची बारीक तार थेट कांड्यांवर गुंडाळलेली असते, आवरण खरवडलं की पिकअप मेला. संपूर्ण पिकअप थोडा खाली घ्या. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून जाड बाजूला २.४ मिमी आणि बारीक बाजूला २ मिमी अंतर ठेवून सुरुवात करा. याहून जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतं, वरच्या फ्रेटवर स्वर लहरतो, एका तारेतून दोन स्वर आल्यासारखे वाटतात आणि माणूस उगाच इंटोनेशन (सॅडल मागेपुढे करून स्वर जुळवणं) फिरवत बसतो.

मधला पिकअप हा दुसरा मुद्दा. जुन्या गिटारींत तिन्ही पिकअप सारखे. स्विच तीन जागांचा, आणि वाजवणारे तो दोन जागांच्या मध्ये अडकवायचे. कारखान्यातून पाच जागांचा स्विच १९७७ पासून आला. नव्या गिटारींत मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा असतो, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर घूं आवाज बराच कमी होतो. आपल्याकडच्या कित्येक घरांतलं अर्थिंग पाहता हा फायदा खरा आहे. कुठला प्रकार आहे हे होकायंत्रानं कळतं: झाकणावर धरा; मधल्यावर सुईचं विरुद्ध टोक वळलं तर उलट चुंबक. फक्त मधला पिकअप बदलून आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटला आहे. त्या पिकअपच्या दोन वायर अदलाबदल करा. झाकण धातूचं असेल तर मात्र आधी त्याची अर्थिंग वेगळी करा.

टोनच्या बाबतीत: मूळ जोडणीत ब्रिज पिकअपला टोन पॉटच नव्हता, म्हणून तो टोचतो. नव्यात असतो. कपॅसिटर आधी ०.१, नंतर ०.०५, आणि आता ०.०२२ मायक्रोफॅरॅड. टोन दहावर असताना यातला फरक जवळजवळ ऐकू येत नाही. आवाज कमी केल्यावर गिटार मंद होते तो त्रास २५० किलो-ओमच्या व्हॉल्यूम पॉटचा आणि लांब केबलचा. २०१७ च्या अमेरिकन प्रोफेशनलपासून फेंडर त्यासाठी कारखान्यातच ट्रेबल ब्लीड (आवाज कमी केल्यावरही तीव्र स्वर टिकवणारी छोटी जोडणी) लावते. जुन्यात १००० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर आणि १५० किलो-ओमचा रेझिस्टर समांतर जोडून व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि आउटपुट पायांमध्ये लावा. प्रोफेशनल टूवर टोन पॉट दाबला की पहिल्या-दुसऱ्या जागेवर नेक पिकअपही मिसळतो. छान आहे, पण त्यासाठी गिटार बदलू नका.

ब्रिजबाबत थोडक्यात. सहा स्क्रूंचा जुना ब्रिज सुरात परत येत नाही ही तक्रार बहुतेक वेळा स्क्रू सगळे आवळल्यामुळे असते. सहाही पाटीला टेकवा, मग आतले चार सुमारे दीड मिमी उचला; पाटी बाहेरच्या दोनांवरच डोलली पाहिजे. मागे ३ मिमीच्या आसपास उचललेला ठेवा. नव्या दोन खुंटांच्या ब्रिजला २.४ मिमी पुरतं. त्यानंतरही तिसरी तार ‘टिंग’ करत असेल तर नटची खाच अडते आहे: पेन्सिलीचं शिसं भरून बघा, सुधारणा झाली तर खाच कानशीनं मोकळी करून घ्या. सॅडलचे उंचीचे स्क्रू घामानं गंजतात. अमेरिकन गिटारींना ०.०५० इंची किल्ली लागते, १.५ मिमीची जात नाही.

तुमच्यासाठी म्हणाल तर माझं मत प्रोफेशनल टूकडे: ९.५ ची गोलाई, बाहेरून फिरणारा रॉड, घामाला न घाबरणारं फिनिश. जुन्या आवाजाची ओढ असेल तर त्यातच फॉर्मवार तारेचे पिकअप टाका. १९६१ ची घडण तेव्हाच, जेव्हा ती हातात घेऊन पंधराव्या फ्रेटवर पहिली तार पूर्ण स्वरानं, तुमच्या नेहमीच्या ॲक्शनवर ओढून पाहिली असेल आणि स्वर टिकला असेल. सत्तरची फक्त वजन चार किलोंच्या आत आणि खाच घट्ट असेल तर.

पण त्याआधी २००६ च्या गिटारवर एक प्रयोग करा. तिच्यावर ९.५ ची गोलाई, मीडियम जम्बो फ्रेट आणि २१ फ्रेटचा बरा नेक आहेच; कमकुवत आहेत ते पिकअप, पोलादी कांड्यांखाली सिरॅमिक चुंबक लावलेले. अल्निको फाइव्हचा सेट, २५० किलो-ओमचे तीन चांगले पॉट आणि नवा स्विच घाला. आतले पॉट लहान आकाराचे असतील तर नव्यांसाठी पिकगार्डची भोकं साडेनऊ मिमीपर्यंत वाढवावी लागतील, ड्रिलनं नव्हे, रीमरनं. ब्रिज बदलायचा असेल तर आधी बाहेरच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजा. तिचं ५२.५ मिमी येईल. बाजारात ‘व्हिंटेज स्ट्रॅट ब्रिज’ म्हणून मिळणारा बहुधा ५६ चा असतो आणि तिच्या भोकांवर बसत नाही.